चेहरा शेवटी

काकूंच्या फ्रिजमधला मधला कप्पा फुलांचा होता. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला खोली आधी दाखवलीच नाही. सरळ स्वयंपाकघरात नेलं, फ्रिज उघडला आणि म्हणाल्या, "वरचा कप्पा तुझा, खालचा माझा. मधल्याला हात लावायचा नाही. आणि वर दही ठेवशील तर झाकण घट्ट लाव. ते मधल्यात ठिबकलं तर दुसरी जागा बघावी लागेल." मधल्या कप्प्यात जॅमच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीत एकच फूल, लग्नात फोटोसाठी उभं केल्यासारखं ताठ.

मी नुकतीच शिक्षण संपवून वेलिंग्टनला नोकरीला लागले होते. लोअर हटहून रोज ट्रेनने जायचं, ट्रेनने यायचं. २०१२ चा हिवाळा होता, आणि दुसरीकडे कुठे मराठी बोलणारी घरमालकीण मिळणार, म्हणून मी फ्रिजची अट मान्य केली. हीटरची अट मला नंतर कळली. ती अशी, की हीटर लावायचा नाही.

"ट्यूलिप उघडतात ऊब लागली की," काकू म्हणाल्या. "मला मिटलेली हवीत."

"पण काकू, मी गारठतेय. मी माणूस आहे."

"माणूस आहेस म्हणूनच सांगतेय. तू उद्याही असशील. ट्यूलिप नसेल."

मी दोन वर्षं त्या घरात कानटोपी घालून जेवले.

काकू तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांचे यजमान रेल्वेच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लोअर हटला आले होते, त्याला चाळीस वर्षं होत आली होती. ते जाऊनही बराच काळ लोटला होता. मूलबाळ नव्हतं. एवढ्या वर्षांत काकूंचं मराठी जसंच्या तसं पेठेतलं राहिलं होतं, फक्त अधूनमधून त्यात एखादा किवी खडा लागे. भाजी मनासारखी झाली की कढईकडे बघून त्या कौतुकाने "स्वीट ॲज" म्हणायच्या, आणि ते ऐकताना "छान हो" म्हटल्यासारखंच वाटायचं. नेसायच्या त्या नऊवारी नव्हे, पण पाचवारी नेमाने, आणि तिच्याखाली हिवाळ्यात गुडघ्यापर्यंतचे गमबूट.

त्या वेशात त्या रोज उजाडताच फुलं आणायला निघत. आणायला म्हणजे तोडायला, आणि तोडायला म्हणजे दुसऱ्यांची. देवाला चार फुलं शेजाऱ्याच्या कुंपणावरून घेण्यात काही वावगं असतं, हे आपल्याकडे कुणाला पटलंय? काकूंना चाळीस वर्षं परदेशात राहूनही पटलेलं नव्हतं. कुंपणाबाहेर आलेली फांदी रस्त्याची, हा त्यांचा कायदा. देव्हाऱ्यात त्यांच्या एक बाळकृष्ण होता, पण त्याला एखादीच पाकळी मिळायची. बाकीचा माल मधल्या कप्प्यात.

शेजारी रॉन नावाचे म्हातारे गृहस्थ राहत. त्यांची बायको गेलेली होती, आणि तिने लावलेले गुलाब ते जिवापाड जपत. एका सकाळी त्यांनी काकूंना कात्रीसकट पकडलं. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता रामायण घडणार. रॉन थोडा वेळ साडीकडे बघत राहिले, मग गमबुटांकडे, आणि म्हणाले, "यू कुड जस्ट नॉक, लव्ह."

काकूंनी मान डोलावली आणि कात्री पुढे करून विचारलं, "धिस वन ऑल्सो?"

तेव्हापासून रॉन आठवड्यातून एकदा गेटपाशी बादलीत फुलं आणून ठेवायचे. काकूंना मनातून ते आवडलं नसावं. मागून मिळालेल्या फुलात ती मजा नाही, असं त्या एकदा म्हणाल्याही.

या सगळ्या फुलांचं काय व्हायचं, ते आता सांगते. काकू चित्रं काढायच्या, आणि फक्त फुलांची. लग्नाआधी त्या पुण्यात एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. इंजिनिअर लोक यंत्रांची चित्रं पेन्सिलने काढत आणि काकू त्यावर आरपार दिसणारं मेणकापड पसरून प्रत्येक रेघ शाईने गिरवत. हात थरथरला तर सगळं पुन्हा. "आठ वर्षं दुसऱ्यांच्या रेघा काढल्या," त्या सांगायच्या. "पण एक शिकले. जी रेघ समोर नाही ती मारायची नाही. मनाची एक रेघ घातलीस तर तिकडे यंत्रात दात तुटतो." म्हणून त्या फोटोवरून चित्र काढत नसत, आठवणीतूनही नाही. फूल समोर हवं. मी एकदा म्हटलं, प्राजक्त काढा ना, किती सुरेख दिसेल. "इथे कुठाय प्राजक्त?" म्हणाल्या. "आठवतोय की," मी म्हटलं. "आठवतं ते प्राजक्त नव्हे. ती तू आहेस."

त्यांची चित्रं मात्र अजब असत. एकाच फुलदाणीत जूनमधला कॅमेलिया, सप्टेंबरमधला पिवळा कोव्हाय, डिसेंबरचा तांबडाभडक पोहुतुकावा आणि मे महिन्यातली शेवंती. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारीचा घोळ झालाय. मग त्यांनी वाचनालयातून आणलेलं जाडजूड पुस्तक उघडून दाखवलं. जुन्या काळी हॉलंडात फुलांची चित्रं काढणारे असंच करत. वसंतातली ट्यूलिप आणि शरदातली द्राक्षं एकाच मेजावर. फूल जसं उमलेल तसं एकेक काढायचं, बाकीच्या जागा मोकळ्या ठेवायच्या आणि वाट बघायची. एका चित्राला अख्खं वर्ष लागायचं.

"म्हणजे असा गुच्छ खरा नव्हताच कधी?" मी विचारलं.

"एकेक फूल खरं होतं. गुच्छ तेवढा नव्हता," काकू म्हणाल्या. "म्हणून तर तो काढायचा."

त्यांच्या घरात त्यामुळे भिंतींना टेकून ठेवलेले बोर्ड असत, आणि प्रत्येकात भोकं. पेन्सिलने आखलेल्या रिकाम्या जागा. शेजारी 'डेलिया, फेब्रुवारी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं. रविवारी दुपारी उन्हाचा पट्टा त्या बोर्डांवरून सरकत जाई. मी अंथरुणावर पडून बघत राहायचे आणि मला कळेनासं व्हायचं की बाहेर कुठला महिना चालू आहे. घरी नाशिकला तेव्हा उन्हाळा असे, इथे पानगळ, आणि बोर्डावर दोन्ही. त्या घरातलं माझं राहणं आठवलं की मला ते सगळं एकाच लांबलचक दुपारी घडलं असं वाटतं.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एका बाईचं चित्र लावलेलं होतं. काकूंना ते ऑप शॉपमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, एका जुन्या कॅलेंडरात सापडलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीची कुणी चित्रकार, तिने स्वतःचंच काढलेलं. हातात रंगांची पाटी, मागे चित्राच्या लाकडी घोडीवर अर्धवट रंगवलेले गुलाब, आणि नजर थेट आपल्याकडे. त्या नजरेत असं काही होतं, की चहात साखर जास्त पडली की आपण आधी तिच्याकडे बघावं. म्हणून काकू तिला वन्सं म्हणत. "वन्सं बघतायत हं," असं मला कितीदा ऐकावं लागलं असेल.

"त्या काळात," काकू पोळ्या लाटता लाटता सांगत, "पुरुष चित्रकार स्वतःला कसे काढायचे ठाऊक आहे? केस पिंजारलेले, गळ्याचं बटण उघडं, आणि बघतायत कुठे तर वादळाकडे. डोंगर, वादळं, पडके किल्ले, सगळं त्यांना. बायकांना गुलाब. पण वन्सं बघ. केस नीट विंचरून बसल्यात. काम करणाऱ्या बाईचे केस विंचरलेलेच असतात. आणि वादळाकडे नाही बघत त्या, तुझ्याकडे बघतात. म्हणतात, हे गुलाब मी काढले."

काकूंच्या मनात बरीच वर्षं एक गोष्ट होती. ती त्यांनी मला २०१३ च्या जूनमध्ये सांगितली, आणि सांगताना त्या चक्क लाजल्या. त्यांना स्वतःचं चित्र काढायचं होतं. आयुष्यात त्यांनी माणूस कधी काढला नव्हता. रॉननी त्यांना हवा तसा बोर्ड कापून दिला. कडेने वर्षभराच्या फुलांची माळ आणि मधे अंडाकृती जागा चेहऱ्यासाठी.

मी म्हटलं, "आधी चेहरा काढा ना. फुलं मग भरा."

"अगं, फुलं थांबत नाहीत. चेहरा काय, पळून जातोय कुठे?"

जूनमध्ये कॅमेलिया झाला. जुलैत आणि पुढे ऑगस्टमध्ये भूकंपाचे धक्के बसले. हटमध्ये त्याचं कुणाला फार अप्रूप नाही. टेबलाखाली जायचं, बाहेर यायचं, कपबशा मोजायच्या. आमची एकही बाटली फुटली नाही. पण दोनचार दिवसांनी काकू म्हणाल्या, "स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकलीय."

मला ती सरळ दिसत होती. पण ट्रेसरबाईंपुढे रेघेबद्दल मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी त्यांना खिडकीही वाकलेली दिसली. "भूकंपाने घर पिळलं," म्हणाल्या आणि रॉनना बोलावलं. रॉन सुताराची बुडबुड्याची लेव्हल घेऊन आले. चौकटीला लावली. बुडबुडा बरोब्बर मधे. खिडकीला लावली, तिथेही मधे. काकू चिडल्या. लेव्हल बिघडलीय, असं म्हणाल्या.

रॉननी लेव्हल खाली ठेवली आणि काकूंना म्हणाले, एक डोळा हाताने झाका. आता चौकट बघा. आता दुसरा झाका.

काकूंनी डावा डोळा झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. रॉन माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, माझ्या बायकोचं असंच सुरू झालं होतं. सरळ रेघा वाकतात आधी. चौकट सरळच होती. वाकली होती ती काकूंची नजर.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, त्याने वेग कमी होईल, बघू. मी टॅक्सीत रडले. काकू रडल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "मॅग्नोलिया उमलला असेल ना एव्हाना?"

त्या संध्याकाळी मी पुन्हा म्हटलं, काकू, चेहरा आधी काढून टाका. आता तरी. त्यांनी ऐकलं नाही. चाळीस वर्षांची शिस्त मोडायची, तीही भिऊन, हे त्यांना जमणारं नव्हतं. मॅग्नोलिया आज आहे, परवा नाही. मला त्यांचा इतका राग आला की मी त्या रात्री हीटर लावला. सकाळी उठून बघते तर तो त्यांनीच बंद केलेला आणि माझ्या अंगावर त्यांची दुलई.

कोव्हाय झाला, ट्यूलिप झाली, रॉनचे गुलाब झाले. नोव्हेंबरमध्ये माझे बाबा गेले आणि मी नाशिकला जाऊ शकले नाही. व्हिसासाठी पासपोर्ट जमा केला होता, तो अडकला, असं मी सगळ्यांना सांगितलं, काकूंनाही. त्या दिवशी त्यांनी मधल्या कप्प्यातला एक गुलाब काढून बाबांच्या फोटोपुढे ठेवला. मधल्या कप्प्यातलं फूल बाहेर आलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

उन्हाळ्यात दुसरा डोळाही उतरत गेला. डेलियाला त्यांना तीन आठवडे लागले. मे महिन्यात शेवंती पुरी झाली, माळ मिटली, आणि एका शनिवारी काकूंनी केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून टेबलावर आरसा मांडला. मी चहा करत होते. मागे वळून बघते तर त्या हातात ब्रश धरून नुसत्या बसलेल्या.

"काय झालं काकू?"

"आरशात साडी आहे," त्या म्हणाल्या. "कान आहेत. केस आहेत. मधे कुणी नाही."

मग त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "वन्सं, फसले हो मी." समोर नाही ती रेघ मारायची नाही, हा नियम मोडून आठवणीतला चेहरा काढला असता तर कुणाला कळणार होतं? मी तसं म्हटलंसुद्धा. त्यांनी मान हलवली. बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला गेला. मला ते बघवत नव्हतं. त्यातच मला हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागात नोकरी मिळाली होती आणि जून संपताना मी तिकडे जाणार होते.

पुढच्या शनिवारी त्या शेवग्याच्या शेंगा मोडत टेबलाशी बसल्या होत्या. आरसा अजून तिथेच होता. मी त्याच्या डाव्या बाजूला, फ्रिजला टेकून, ऑफिसातली काहीतरी गंमत सांगत होते. काकू माझ्याकडे बघून ऐकत होत्या. एकदम त्यांनी हात वर केला. "हलू नकोस. बोलत राहा."

"काय झालं?"

"मी दिसतेय," त्या म्हणाल्या. "कडेला. आरशात. तुझ्याकडे बघितलं की मी दिसते."

त्यांनी आरशाकडे नजर वळवली, चेहरा गेला. पुन्हा माझ्याकडे वळवली, कडेला चेहरा आला. अडचण एकच होती. मी जिथे होते तिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे नजर तिथे ठरेना. ती ठरायची ती आवाजावर. "तू गप्प झालीस की माझे डोळे भटकतात," काकू म्हणाल्या. "तेव्हा तोंड बंद करायचं नाही."

आयुष्यात मला असं कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. सहा आठवडे, शनिवार रविवार सकाळी, मी फ्रिजपाशी उभी राहून बोलले. ऑफिस झालं, ट्रेनमधले लोक झाले, पाढे म्हटले, आरत्या म्हटल्या, शाळेतल्या मैत्रिणींची लग्नं लावून आणि मोडूनही झाली. काकू एक फटकारा मारत, थांबत, कडेने बघत, पुन्हा मारत. बोर्डाकडेही त्यांना तसंच तिरकं बघावं लागे. हळूहळू मधली जागा भरत आली, फक्त डोळे राहिले.

आणि मग एका रविवारी माझे सगळे विषय संपले. बाहेर पाऊस होता. "बोल," काकू म्हणाल्या. आणि मग माझ्याच तोंडून मी ऐकलं, "काकू, पासपोर्ट अडकला नव्हता. मागितला असता तर मिळाला असता. पण अर्ज लांबला असता. मी मागितलाच नाही."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच. काकूंचा ब्रश थांबला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी बोलत गेले, बाबांचा शेवटचा फोन, ते म्हणालेले "तू तुझं काम आटप", सगळं. रडत बोलले. काकूंनी मला जवळ घेतलं नाही, जाऊ दे म्हटलं नाही. एकदाच म्हणाल्या, "डावीकडे सरकू नकोस, आवाज हलतो." मी संपवलं तेव्हा त्यांनी ब्रश पुसला. "डोळे झाले," म्हणाल्या. आणि उठून, चुलीशी जाता जाता, माझ्या पाठीवर एक हात ठेवला.

ते चित्र आता आमच्या हॅमिल्टनच्या घरात आहे. काकू गेल्या वर्षी गेल्या. रॉननी ते ब्लँकेटात गुंडाळून, स्वतः गाडी चालवत आणून दिलं. सोबत वन्संही आल्या. फुलं अशी काटेकोर आहेत की डेलियाची पाकळी न् पाकळी मोजावी. मधला चेहरा मात्र धुक्यातला आहे, कडेने बघितलेला. वन्सं थेट आपल्याकडे बघतात, काकू नाही. त्या बाजूला बघतात, कुणाचं तरी मन लावून ऐकतायत अशा. माझी चार वर्षांची मुलगी, जिला मराठी कळतं पण बोलायचं नसतं, तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "हू इज शी लुकिंग ॲट?"

मी म्हटलं, माझ्याकडे.

ती चित्राच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "येस, शी कॅन सी मी." मी तिला खरं सांगितलं नाही. ज्या जागी त्यांना काहीच दिसत नव्हतं नेमकं तिथे मी उभी होते, हे चार वर्षांच्या पोरीला काय सांगायचं?

मी निघाले त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. टॅक्सी गेटपाशी आली, रॉननी बॅग ठेवली. मी काकूंना वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला खरा, पण तोंड पलीकडे, रॉनच्या गुलाबांकडे. छाटलेल्या काट्यांशिवाय तिथे काहीही नव्हतं. दोन वर्षं एका घरात काढली आणि निघताना या बाई माझ्याकडे बघतही नाहीत, याचं मला फार लागलं. मी टॅक्सीत बसले आणि काच खाली करून म्हटलं, "काकू, इकडे बघा ना एकदा."

"बघतेच आहे," काकू गुलाबांकडे तोंड करूनच म्हणाल्या. "कधीची बघतेय. स्वेटरची बटणं चुकलीत तुझी. वरपासून लाव."

मी खाली पाहिलं. पहिल्याच काजात चूक झाली होती आणि पुढची सगळी एकेक घर सरकली होती. मी ती सोडली, वरपासून पुन्हा नीट लावली आणि मान वर केली. काकू अजूनही त्या बोडक्या गुलाबांकडे तोंड करून माझ्याकडे बघत होत्या.